चोराची बिनपगारी रजा

रोज सकाळी कोणी ना कोणी त्याला फाडून खायला धावून येई आणि त्याबद्दल त्याला पगार मिळे. राखणीची कुत्री तयार करणाऱ्या त्या आवारात त्याचं काम एवढंच होतं, चोर व्हायचं. कुंपणावरून उडी टाकायची, काठी उगारायची, आरोळी ठोकायची आणि कुत्रं अंगावर आलं की डावा हात पुढे करायचा. त्या हातावर तागाची जाड बाही असे, अंगात तसाच जाड अंगरखा आणि विजार. त्या सगळ्या अवजड पोशाखाला आवारात गोधडी म्हणत. गोधडीतून दात सहसा आत जात नसत. पण माणसाच्या निम्म्या वजनाचं जनावर हवेतून येऊन हाताला लटकलं, आणि लटकल्या लटकल्या डोकं झटकू लागलं, की खांद्याचं हाड जागा सोडू बघे आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत. मग मास्तर ओरडे, "सोड!" कुत्रं सोडून देई, शेपटी हलवत बसे. चोर उठून कपडे झटके आणि पुन्हा कुंपणापलीकडे जाई.

इतकी वर्षं हे चाललं होतं की त्याला नावाने हाक मारणारी माणसं फक्त घरात उरली होती. कोपऱ्यावरचा चहावालासुद्धा "चोर आला रे" म्हणून कप पुढे करी. लग्न जमेना तेव्हा ताई म्हणाली होती, "मुलीच्या बापाला सांगू तरी काय? जावई चोर आहे, पण सरळमार्गी आहे म्हणून?"

मास्तर म्हणजे कुत्र्यांना शिकवणारा, सैन्यात आयुष्य घालवलेला, कमी बोलणारा माणूस. त्याचे नियम थोडे होते आणि ते मोडलेले त्याला चालत नसत. चोराने कुत्र्याला कधी खायला घालायचं नाही, कधी कुरवाळायचं नाही. गोधडी अंगात नसेल तेव्हा कुत्र्यासमोरून जाताना हात खिशात ठेवायचे, नजर जमिनीवर ठेवायची, धावायचं नाही. आवारात काठी उगारायची ती फक्त चोराने, कारण कुत्र्यांच्या लेखी ज्याने काठी उगारली तो चोर, मग तो कोणी का असेना. आणि "सोड" हा हुकूम फक्त मास्तराच्या तोंडचा. चोर "सोड" म्हणाला तर कुत्र्याने आणखी घट्ट धरायचं, हे महिनोन्‌महिने घोटून घेतलेलं असे. नाहीतर खरा चोर एक शब्द पाठ करून येईल आणि कुत्रं त्याला दार उघडून देईल.

मालकाला ही शेवटची गोष्ट फार आवडे. तो पूर्वी टायर विकत असे. धंदा बदलून त्याने हे आवार चालवायला घेतलं, पण टायरवाल्याची ऐट काही गेली नव्हती. गिऱ्हाईक आलं की हात मागे बांधून पिंजऱ्यांसमोरून फिरे आणि सांगे, "आमच्या कुत्र्याला सोड म्हणून बघा, साहेब. जेवढं म्हणाल तेवढं आत जाईल." मग आपल्याच बोलण्यावर हसे.

आवारातलं सगळ्यात तयार कुत्रं म्हणजे वकील. काळ्या पाठीचा, रुंद छातीचा नर. एकदा धरलं की सोडत नाही आणि समोरच्याच्या अंगावर कपडा ठेवत नाही, म्हणून मास्तरानेच ते नाव ठेवलेलं. मास्तराने आयुष्यात केलेला तो बहुधा एकुलता एक विनोद.

या वकिलानेच ताईचं ऑपरेशन एकदा बुडवलं होतं.

ताईच्या दोन्ही किडन्या केव्हाच निकामी झाल्या होत्या. आई गेल्यावर चोराला तिनेच वाढवलं होतं. शिलाई यंत्रावर वाकून, एका हाताने कापड सरकवत आणि दुसऱ्या हाताने त्याला धपाटे घालत. आता ती दुसऱ्याच यंत्राला जोडलेली असे. दर एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घ्यायचं, आणि संध्याकाळी ओल्या कपड्यासारखं घरी येऊन पडायचं. हातांच्या शिरा सुया टोचून टोचून संपत आल्या होत्या. गळ्याशी नळी बसवली तर ती पिकली. काढून दुसरी बसवली, तीही पिकली. डॉक्टरीणबाईंनी ताईच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता रक्त काढायला जागाच राहिली नाही, फार दिवस असं चालणार नाही. भाऊजींची किडनी जुळत नव्हती. चोराची जुळली.

"कुत्र्यांनी खाऊन उरलेलं मला देणार का तू?" ताई म्हणाली होती.

"आतलं आहे गं. तिथपर्यंत कोणी पोचलेलं नाही."

पहिली तारीख मिळाली तेव्हा त्याने शहाणपणा केला. रजा न मागता आदल्या दिवसापर्यंत काम केलं आणि नेमकं त्याच दिवशी वकिलाने बाही सोडून पोटरी धरली. विजारीची शिवण उसवलेली होती तिथून दात आत गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून बघितलं, जखमेतून पू येत होता. त्यांनी त्याला आल्या पावली परत पाठवलं. म्हणाल्या, "तुमच्या अंगातली घाण तिच्या अंगात गेली तर ती दोन दिवसही काढायची नाही. पुन्हा येताना अंगावर ओरखडासुद्धा नको. दात लागलेला असेल तर दारातूनच परत जा. मग मी तारीख देणार नाही, कारण द्यायला ती राहणार नाही."

त्या दिवशी भाऊजी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. ताई रडली नाही. तिने फक्त त्याच्या पोटरीकडे बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, तुझी शिवण मी घातली असती तर उसवली नसती."

दुसरी तारीख मिळाल्यावर मात्र त्याने मालकाकडे रजा मागितली. बिनपगारी. मालक म्हणाला, "बघू." आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हाही मालक "बघू नंतर" म्हणाला आणि फोन कानाला लावला. घरी चोराने सांगितलं, मालक हो म्हणाले. त्याला तसं खरंच वाटू लागलं होतं. न मिळालेला नकार म्हणजे होकार, असं माणूस स्वतःला सांगू शकतो. मास्तराला खरं माहीत होतं. शेवटच्या दिवसांत त्याने चोरावर फक्त पिल्लं सोडली, ज्यांचे दात बाहीच्या वरच्या थरातच अडकत.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं होतं. सकाळीच मालकाचा निरोप आला. गोदामवाला कुत्री बघायला येतोय, एकदम सगळी घ्यायच्या विचारात आहे, चोर पाहिजे.

तो कपड्यांची पिशवी खांद्याला लावूनच मागच्या दाराने आवारात गेला. मैदानाच्या मधोमध वकील बसला होता, एकटाच, साखळीशिवाय. मालकाचीच कल्पना. गिऱ्हाईक फाटकातून आत येईल तेव्हा एवढं मोठं कुत्रं मोकळं, मास्तर शेजारी नाही आणि तरी जागचं हलत नाही, हे पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे. मास्तर नको म्हणाला होता. मालक म्हणाला होता, "मास्तर, कुत्रं तुमचं, दुकान माझं." आता मास्तर लांब दुसऱ्या टोकाला, फाटकाबाहेर होता. गोदामवाल्याची मोठी गाडी वळणावर अडकली होती आणि मास्तर हातवारे करून ती मागे घ्यायला लावत होता. गाडीचं इंजिन घरघरत होतं. पिंजऱ्यांतली कुत्री त्या आवाजाला भुंकत होती.

मालक मैदानाच्या अलीकडच्या कडेला उभा होता. हातात चोराची काठी होती, टोकाला चिरलेली, आपटली की फाडफाड वाजणारी. पायाशी गोधडी.

"ये, चोरा. घाल लवकर. आला बघ तो."

चोराने पिशवी खाली ठेवली. हात खिशात घातले, कारण वकील बघत होता. "मालक, मी आज दवाखान्यात चाललोय. ताईचं उद्या आहे. मी बोललो होतो तुमच्याशी."

"मग उद्या आहे ना? आज काय आहे? आज गोदामवाला आहे."

"आज दाखल व्हायचंय. अंगाला ओरखडा चालत नाही. वकील तर नकोच. गेल्या वेळी त्यानेच..."

"अरे, गोधडी कशासाठी शिवलीय मग? पांघरायला?"

"रजा द्या, मालक. बिनपगारी द्या. किती दिवस लागतील ते डॉक्टर सांगतील."

मालक हसला. मनापासून हसला, आणि तेच चोराला जास्त झोंबलं. "बिनपगारी! पगाराचं कोण रडतंय रे? पगार घे, घरी बस, मांडीला मांडी लावून बस, माझं काही म्हणणं नाही. पण मला चोर आणून दे. ही सगळी जनावरं तुझ्या एकट्याच्या अंगावर वाढलीत. दुसरा कोणी उभा केला तर वास घेत बसतील. मास्तर कधीपासून डोकं खातोय, दुसरा चोर ठेवा म्हणून. दोन दोन चोर पोसायला मी काय सरकार आहे?"

"ताई मरेल, मालक."

"आणि परत आल्यावर तू कसला? एका किडनीचा चोर. जरा कुठे धडक बसली की खलास. पोलीस माझ्या दारात. रजा मागत नाहीस तू, नोकरी सोडतोयस. आणि ती नेमकी आज सोडतोयस. गिऱ्हाईक दारात असताना!"

"सोडतो, असं समजा."

मालकाचा चेहरा बदलला. त्याने गोधडीला लाथ मारून ती चोराच्या पायांवर ढकलली. "घाल."

"नाही."

"घाल म्हणतो ना."

चोराने मान हलवली. हात खिशातच होते. मालकाला ते हात दिसले आणि खिशात हात घालून आपल्याला नाही म्हणणारा नोकर दिसला. तो नियम त्याला माहीत नव्हता असं नाही, पण त्या क्षणी आठवला नाही. त्याने काठी उगारली आणि चोराच्या खांद्यावर ओढली.

काठी फाडकन वाजली. त्या आवाजावर वकील मैदानाच्या मध्यात उभा राहिला.

चोराने ते बघितलं. खांद्यात आग उठली होती, तरी त्याचा आवाज चढला नाही. चढू देणं परवडणारं नव्हतं. "मालक, काठी खाली टाका. हळू. तो उठलाय."

"मला शिकवतोस? माझ्या आवारात?"

"मालक, काठी..."

मालकाने दुसऱ्यांदा काठी वर नेली. ती खाली आलीच नाही. वकील भुंकला नाही, गुरगुरला नाही. तशी पद्धतच नव्हती. मैदान त्याने सरळ रेषेत कापलं आणि वर उगारलेला हात मनगटाच्या वर धरला. त्या धक्क्याने मालक पाठीवर आपटला. त्याला बाही नव्हती. शर्टाची बाही होती, कडक इस्त्रीची, ती पहिल्याच झटक्याला कोपरापर्यंत फाटली आणि तिच्याखालचं सगळं उघडं पडलं.

"सोड!" मालक ओरडला. "सोड! ए, सोड!"

वकिलाने पकड बदलली आणि आणखी आत गेला. हाड आणि दात एकमेकांना घासल्याचा आवाज चोराने ऐकला. एरवी तो आवाज त्याला ताग आणि कातड्याच्या थरांतून, दबका ऐकू येत असे. मालक दुसऱ्या हाताने कुत्र्याच्या तोंडावर बुक्के मारत होता. काठी अजून त्याच्या मुठीत होती. बोटं आखडली होती, उघडत नव्हती. कुत्रं डोकं झटके तशी ती काठी जमिनीवर आपटे, फाडफाड वाजे आणि त्या आवाजाने कुत्रं आणखी पिसाळे.

"काठी सोडा, मालक," चोर म्हणाला. "मारू नका. हलू नका. मेल्यासारखे पडा."

हे त्याने वर्षानुवर्षं स्वतः केलेलं होतं. पण अंगात गोधडी असताना मेल्यासारखं पडणं वेगळं. मालक पडला नाही. गुडघ्यावर उठू बघत होता, ओरडत होता, "सोड! सोड!" आणि वकील शिकवल्याबरहुकूम प्रत्येक "सोड"ला जबडा आवळत होता. मग त्याने हात सोडला आणि बुक्के मारणारा दुसरा पंजा पकडला. दोन बोटं सरळ दातांच्या मागे गेली. मालकाचा आवाज एकदम बारीक झाला.

काय करायचं ते चोराला पक्कं माहीत होतं. खिशातून हात काढायचा, वर करायचा आणि रोजची आरोळी ठोकायची. बस्स. वकील लहानपणापासून त्या आरोळीवर वाढला होता. जगातला कुठलाही घास टाकून तो आला असता. आणि मग उघड्या हातावर, उघड्या पोटावर, जिथे मिळेल तिथे.

मालकालाही ते माहीत होतं. रक्ताने माखलेलं तोंड त्याने चोराकडे वळवलं. "बोलाव त्याला! अरे, बोलाव ना! तुझ्याकडे येईल तो!"

चोर हलला नाही.

"रजा घे! पाहिजे तेवढी घे! पगारी घे! बोलाव!"

रजा मिळाली होती. आता हात वर केला तर तिचा काही उपयोग नव्हता.

चोर वळला आणि फाटकाकडे चालू लागला. हात खिशात, नजर जमिनीवर, एकामागून एक पाऊल. धावता येत नव्हतं. धावणारी पाठ दिसली की वकील मागे आलाच असता. मोठ्याने हाक मारता येत नव्हती. ती आरोळीच ठरली असती, आणि पिंजऱ्यांतल्या कल्लोळात मास्तराला ऐकूही गेली नसती. चालायचं, पाळण्यातलं मूल झोपलेलं असताना खोलीतून बाहेर पडतात तसं. मैदान रोज त्याला आखूड वाटे, कुंपण गाठेपर्यंत कुत्रं अंगावर असे. आज ते संपत नव्हतं.

मागून आवाज येत होता. "कुठे चाललास? ए! ए चोरा! अरे, माणूस आहेस की कोण?" मग शब्द तुटत गेले. मग शब्द नव्हतेच, नुसताच आवाज उरला, आणि तो मध्येच थांबे तेव्हा काठी वाजे. चोराने एकदाही मागे बघितलं नाही. मागे बघितलं असतं तर हात खिशातून बाहेर आला असता, हे त्याला माहीत होतं. दोन्ही मुठी त्याने खिशात इतक्या आवळल्या की एका खिशाची शिवण फाटली.

फाटकाबाहेर मास्तर गाडीच्या मागे उभा होता. "अजून घ्या, अजून," असं ड्रायव्हरला सांगत होता.

"मास्तर," चोर म्हणाला. "वकिलाने मालकाला धरलंय. सोड म्हणा."

मास्तराने त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि धावत सुटला. मैदानाच्या अर्ध्यातूनच त्याने हुकूम दिला. "सोड!" वकिलाने तत्क्षणी सोडलं. दोन पावलं मागे सरला, खाली बसला, शेपटी हलवू लागला. तोंडातून लाल लाळ गळत होती आणि डोळे मास्तरावर लागलेले. शाबासकी मिळायची बाकी होती.

चोर मागोमाग परत येऊन शेजारी उभा राहिला. मास्तराने आपला शर्ट फाडून मालकाच्या दंडाला करकचून बांधला. एका पंजाची दोन बोटं कातडीवर लोंबत होती. दुसरा हात कोपरापासून खाली हात म्हणावा असा राहिला नव्हता. मालक शुद्धीत होता, पण ओरडत नव्हता. दात वाजत होते. तो चोराकडे बघत होता.

"तू इथेच होतास?" मास्तराने विचारलं.

"होतो."

"हं," मास्तर म्हणाला आणि गाठ आणखी आवळली.

गोदामवाला फाटकातून आत आला होता. पांढराफटक पडला होता, रुमाल तोंडावर दाबलेला. वकिलाला साखळीने खांबाला बांधून, गोदामवाल्याच्याच गाडीत मालकाला घालून मास्तर निघाला. गाडी वळली तसा मागे राहिलेला गोदामवाला बसलेल्या वकिलाकडे बघत चोराला हळूच म्हणाला, "हा... हा विकायचाय का?"

चोराने पिशवी उचलली आणि तो दवाखान्याकडे निघाला.

दुपारी नर्सने त्याला उघडं करून दिव्याखाली उभं केलं. त्याच्या अंगावर जुन्या खुणा इतक्या होत्या की तिने एकेक बोटाने चाचपून बघितली. हातावरच्या, मांडीवरच्या, कमरेवरच्या. "हे सगळं काय आहे हो? लढाईवर होतात का?"

"नोकरीवर."

"आणि हा वळ? ताजा दिसतोय."

"मालकाने काठी मारली."

"का?"

"रजा मागितली म्हणून."

नर्स थांबली. वळावरून तिने कापूस फिरवला, उजेडात धरून बघितला. कापूस पांढराच राहिला होता. "मग मिळाली का?"

"मिळाली."

"कातडी फुटलेली नाही," ती म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनीही बघितलं. चाललं. काढून ठेवलेल्या सदऱ्यावर, दंडाच्या बाजूला, एक वाळलेला तांबूस थेंब होता. तो त्याचा नव्हता. मास्तर शर्ट फाडत असताना उडाला असणार. नर्सने तो सदरा पिशवीत कोंबला आणि त्याला दवाखान्याचे कपडे दिले.

ताईची खाट शेजारच्याच खोलीत होती. संध्याकाळचं ऊन तिच्या अंगावर पडलं होतं. चेहरा सुजलेला, पिवळट, पण जीभ शाबूत. भाऊजी औषधं आणायला खाली गेले होते.

"आलास? मला वाटलं, परत कोणाच्या तोंडात अडकलास की काय. मालकाने सोडलं एकदाचं?"

"हो."

"भला माणूस म्हणायचा. मी उगाच शिव्या घालत होते त्याला." ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी त्याने काही फोडलं किंवा हरवलं की ती अशीच बघे, तोंडाने काही न विचारता. "काय झालं?"

न सांगता आलं असतं. मास्तर कुणाला सांगणारा नव्हता, मालक इतक्यात बोलणारा नव्हता. पण तिच्या नजरेसमोर त्याला खोटं कधी जमलं नव्हतं. त्याने सांगितलं. काठी, वकील, बोटं, सगळं. चालत गेला तेही.

ताईने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"धावला असतास तर?"

"माझ्यामागे आला असता."

"म्हणजे मालक सुटला असता."

"हो."

"आणि हाक मारली असतीस तर?"

"तरीही."

"त्याने तुला हाक मारायला सांगितलं?"

"सांगितलं."

"आणि तू चालत गेलास."

"हो ताई."

तिने तोंड भिंतीकडे केलं. चादरीखाली तिची पाठ वरखाली होत होती. झोप लागली की ती रडते आहे, हे त्याला कळेना. तिच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, पण ठेवला नाही.

"मी नको म्हणाले तर?" ती भिंतीला म्हणाली.

"तर त्याची बोटं फुकट गेली."

"तुला बोलायला कोणी शिकवलं रे असं?"

"तूच."

दारात नर्स आली, हातात ट्रे घेऊन. उद्यासाठी रक्त काढायचं होतं, दोघांचंही. "आधी कोण?" तिने विचारलं. चोर पुढे झाला, पण ताई वळली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि लाल होते. तिने चोराकडे बघितलं नाही. चादरीतून हात बाहेर काढला, काळानिळा, गाठीगाठींचा, आणि नर्सपुढे लांब केला.

"माझं आधी घे, बाई. एखादी शीर उरली असेल अजून. शोध तूच."